जुनं सामान ऑनलाइन विकताय? गिऱ्हाईक ओळखताना या चुका टाळा

विकणाऱ्याच्या खात्यात पैसे यायला पाहिजेत ना, मग त्याच्याच खात्यातून जातात कसे? हा प्रश्न मला अधूनमधून कुणीतरी विचारतंच, आणि विचारणारा बहुतेक वेळा पैसे गेल्यावरच विचारतो. आमच्या नाशिकमधलं इंदिरानगर घ्या, सिडको घ्या, गंगापूर रोड नाहीतर नाशिक रोड, फ्लॅट बदलताना लोक सोफा, कपाट, वॉशिंग मशीन, पोरांची सायकल विकायला टाकतात आणि सगळे त्याच त्याच चुका करतात. नवीन काहीतरी चूक केली तर निदान ऐकायला तरी मजा येईल. असो. काही चुकांवर जरा जास्तच बोलणारे, कारण त्या माझ्या डोक्यात जातात.

पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करणं

यूपीआय २०१६ ला आलं. आज भाजीबाजारातल्या मावशीसुद्धा क्यूआर लावून बसतात. त्या मावशी कधी तुमचा क्यूआर स्कॅन करतात का? नाही ना? स्कॅन तुम्ही करता, पिन तुम्ही टाकता, कारण पैसे तुम्ही देताय. रोज हे करणारा माणूस घरी येऊन सोफा विकायला बसला की मात्र समोरच्याने पाठवलेला क्यूआर स्कॅन करतो, वर पिन पण टाकतो, आणि मग मला फोन करतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही, कुठल्याच ॲपमध्ये नाही, कुठल्याच बँकेत नाही.

माझा मामेभाऊ पाथर्डी फाट्याला राहतो. त्याने वॉशिंग मशीन आठ हजाराला टाकलं होतं, मी नेमका त्यांच्याकडे जेवायला गेलेलो. जाहिरात टाकून त्याने फोन बाजूला ठेवला नाही तोच कॉल. "सर, मैं देवलाली कैंप से बोल रहा हूँ, आर्मी में हूँ, मशीन हमको चाहिए, प्राइस ठीक है." प्रोफाइलला युनिफॉर्ममधला फोटो, पाठोपाठ व्हॉट्सॲपवर आयकार्ड आणि कॅन्टीन कार्ड. मामेभाऊ एकदम खूश, म्हणे फौजी माणूस आहे, याच्याकडून काय भाव करायचा, पाचशे कमीच करतो.

आता नाशिकमध्ये देवळालीचंच नाव का घेतात ते बघा. देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, प्रत्येक नाशिककराच्या ओळखीत कुणीतरी फौजी असतोच, आणि युनिफॉर्म बघितला की आपण उलट प्रश्न विचारत नाही. दुसऱ्या शहरात हेच लोक तिथल्या छावणीचं नाव घेतात किंवा सीआयएसएफमध्ये विमानतळावर आहे म्हणतात. कार्डावरचा फोटो बऱ्याचदा खऱ्याच जवानाचा असतो, त्या बिचाऱ्याचं कार्ड कधीतरी कुठल्यातरी व्यवहारात चोरलेलं असतं आणि पुढे शंभर जणांना दाखवलं जातं.

मला पहिल्याच मिनिटाला शंका आली ती दुसऱ्या गोष्टीवरून. त्याने भाव केला नाही. अहो, नाशिकमध्ये जुनं वॉशिंग मशीन घ्यायला येणारा माणूस आठ हजाराला हो म्हणतो? तो साडेचारपासून सुरू करतो, ड्रम वाजवून बघतो, बायकोला व्हिडिओ कॉल लावतो, पाइप सोबत देणार का विचारतो. या माणसाने फ्रंट लोड आहे का टॉप लोड हेसुद्धा विचारलं नाही. वस्तूत ज्याला रस नाही आणि पेमेंटची मात्र घाई आहे, तो गिऱ्हाईक नाही. हे एवढं जरी लक्षात ठेवलं तरी निम्मे लोक वाचतील.

मग क्यूआर आला. वर मोठ्या अक्षरात रिसीव्ह आठ हजार, शेजारी हिरवी टिकमार्क. ते सगळं चित्रात टाइप केलेलं असतं, त्याचा खऱ्या व्यवहाराशी काही संबंध नाही. मी फोन घेतला आणि म्हटलं, भाईसाब, देवळाली काय लांब नाही, लॅम रोडवरून निघा, येऊन मशीन बघा आणि घेऊन जा. तर म्हणे "ड्यूटी पे हूँ सर, जवान गाड़ी लेके आएगा, पेमेंट पहले करना पड़ता है, आर्मी का रूल है." ठीक आहे, मग माझा क्यूआर पाठवतो, तू स्कॅन कर. "आर्मी अकाउंट का सिस्टम उल्टा है सर, पहले आप पाँच रुपये डालो, दस वापस आएगा, फिर पूरा डालो, डबल आएगा." आणि हो, ते दहा रुपये खरंच परत येतात. तिथेच लोकांचा विश्वास बसतो. मी मामेभावाला दाखवायला म्हणून क्यूआर स्कॅन केला, पिन न टाकता. स्क्रीनवर स्पष्ट पे आठ हजार, आणि नाव कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं, आयकार्डावरच्या नावाशी काडीचा संबंध नाही. हे त्याला सांगितल्यावर आधी "फौजी पे शक करते हो?" असा भावनिक मारा, मग शिव्या, मग ब्लॉक.

आधी हेच लोक कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे तुमच्याकडे पैसे मागणारी विनंती, पाठवायचे, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसा-माणसातली कलेक्ट रिक्वेस्ट बंद केली, म्हणून आता सगळा भर क्यूआरवर आणि लिंकवर. आणि एक सांगतो, पहिल्यांदा पैसे गेल्यावर तो फोन ठेवत नाही. "गलती से कट गया सर, रिफंड डाल रहा हूँ, वही अमाउंट एक बार और स्कॅन करो." घाबरलेला माणूस दुसऱ्यांदा स्कॅन करतो. तिसऱ्यांदा पण करतो.

माझी सवय सांगतो. फोनमध्ये एक वाक्य सेव्ह करून ठेवलंय, कुणीही पेमेंटचं बोललं की तेच पेस्ट करतो: घरी येऊन वस्तू बघा, पटली तर कॅश द्या किंवा समोर उभं राहून माझा क्यूआर स्कॅन करा, ॲडव्हान्स नको. खरा गिऱ्हाईक "ठीक आहे दादा, रविवारी येतो" म्हणतो. खोटा उत्तरच देत नाही. वाद घालायचा नाही, धडा शिकवायला जायचं नाही, त्यांच्याकडे दिवसभर वेळच वेळ असतो.

जाहिरातीत अर्जंट लिहिणं

अर्जंट सेल, शिफ्टिंग, आज रात्रीपर्यंत पाहिजे. हे लिहिलं म्हणजे मी घाईत आहे, मला गंडवा, असं बोर्डावर लिहून दारात उभं राहिल्यासारखं आहे. नवीन लोकांना आज टाकलं की आजच विकायचं असतं. जुन्या सामानाला वेळ लागतो राव. शिफ्टिंग महिनाअखेरीला असेल तर महिन्याच्या सुरुवातीला टाका, आणि नाहीच गेलं तर भंगारवाला आहेच, तो निदान कॅश देतो.

स्क्रीनशॉट बघून वस्तू हातात देणं

ही माझी दुसरी लाडकी चूक, आणि यात शिकलेली, स्मार्ट म्हणवणारी पोरं जास्त सापडतात. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका कॉलेजच्या पोराने मोबाइल विकायला काढला, चौदा हजार ठरले, कॉलेज रोडला भेटायचं ठरलं. दोघं आले गाडीवर, मोबाइल नीट उलटापालटा करून बघितला, भाव पण केला, म्हणजे वरची माझी टेस्ट पास झाले. मग याचा क्यूआर स्कॅन केल्यासारखं केलं, हिरवी स्क्रीन, टिंग आवाज, याचं नाव, रक्कम, सगळं बरोबर. वर मेसेज पण आला, चौदा हजार क्रेडिटेड. पोराने मोबाइल दिला, ते गेले. रात्री बॅलन्स बघितला तर आहे तेवढाच.

तशी खोटी स्क्रीन दाखवणारी ॲप असतात, नाव आणि रक्कम टाकली की झालं. आणि तो मेसेज? साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला. बँकेचा मेसेज असा येत नाही, तो अक्षरांच्या हेडरवरून, म्हणजे नंबरच्या जागी अक्षरं असलेल्या नावावरून येतो आणि हल्ली त्या हेडरच्या शेवटी डॅश देऊन एस किंवा टी असतं. पण खरं सांगू का, मेसेजवर विसंबूच नका, खरा मेसेज कधी उशिरा येतो आणि खोटा मात्र लगेच येतो. आपलं बँकेचं ॲप उघडायचं, स्टेटमेंटमध्ये एंट्री दिसली पाहिजे, तोपर्यंत वस्तूवरचा हात सोडायचा नाही. समोरचा म्हणतो आमची बस आहे सीबीएसवरून, जाऊ दे बस, दुसरी येते. नेट नसेल तर नेट असेल तिथे चालत जायचं त्याला सोबत घेऊन. मी तर बँकेच्या शाखेतच भेटायला बोलावतो, मोठी रक्कम असेल तर. शाखेत यायला कां-कूं करणारा माणूस तिथेच गळतो.

एनईएफटी (बँकेतून बँकेत पैसे पाठवायची पद्धत) केलंय, सुट्टी आहे, सोमवारी जमा होईल, हे पण अजून चालतं. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू आहे, रविवारीसुद्धा, दर अर्ध्या तासाला बॅच जाते. मोठ्या रकमेसाठीचं आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास. जमा झालं नाही म्हणजे झालं नाही, सोमवारी झालं की सोमवारी वस्तू न्या.

त्या कॉलेजच्या पोराकडे मोबाइलचा खोका होता, त्यावर आयएमईआय म्हणजे मोबाइलचा ओळख नंबर होता, पोलीस तक्रार करून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर मोबाइल ब्लॉक केला. पैसे आले नाहीत. खोका ठेवत जा.

पैसे आले, पण भलत्याच नावाने

हे लोकांना माहीतच नसतं. घ्यायला आला एक, एंट्री दिसते दुसऱ्याच राज्यातल्या कुणाच्या तरी नावाची. तो म्हणतो मेव्हण्याने टाकले. असेलही. पण असंही असतं की तुमचा क्यूआर त्याने तिसऱ्याच कुणाला पाठवून त्याला फसवलेलं असतं, त्याचे पैसे तुमच्याकडे, तुमची वस्तू याच्याकडे. तो तिसरा तक्रार करतो आणि तुमच्या खात्यावर होल्ड लागतो, म्हणजे पैसे अडकतात, मग घाला चकरा बँकेच्या. नाव जुळत नसेल तर मी व्यवहारच करत नाही, कॅश आण म्हणतो. चुकून जास्त टाकले, वरचे परत करा, असं म्हणणाऱ्यालाही आपल्या हाताने परत पाठवायचं नाही. आधी पैसे खरंच आलेत का बघा, आले असतील तर बँकेत जाऊन रिव्हर्स करायला सांग म्हणायचं.

किरकोळ, पण करू नका

ओटीपी सांगणं. २०२६ मध्ये पण लिहावं लागतंय हे.

व्हेरिफिकेशनसाठी म्हणून आधारचा फोटो पाठवणं. कपाट विकायला आधार कशाला?

समोरच्याने सांगितलेलं ॲप किंवा मेसेजवर आलेली एपीके (ॲपची) फाइल फोनमध्ये टाकणं, स्क्रीन शेअर करणं. फोन त्याच्या हातात दिल्यासारखंच आहे.

कुरिअरवाला येईल, आधी इन्शुरन्स भरा. ज्याला वस्तू पाहिजे तो भरेल.

घरात एकट्या आई किंवा आजी असताना गिऱ्हाईक बोलावणं. वस्तू खाली पार्किंगमध्ये आणा, वॉचमनसमोर.

गाडी विकताना

याच्यावर वेगळं लिहावं लागेल इतका विषय आहे, इथे थोडक्यात. ट्रायलला एकट्याला चावी देऊ नका, मागे बसा. आणि पैसे मिळाले म्हणजे सुटलो असं समजून, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० सही करून कोरेच देऊन मोकळे होऊ नका, नाव तारीख भरा आणि ट्रान्सफर झालं का ते स्वतः परिवहनच्या साइटवर बघत राहा. पेठ रोडच्या आरटीओत एक चक्कर मारायला लोकांना जिवावर येतं. गाडी कागदावर तुमच्याच नावावर असेल आणि तिने कुणाला उडवलं तर भरपाईसाठी मालक म्हणून तुम्हालाच धरतात, सुप्रीम कोर्टाने २०१८ ला हे स्पष्ट सांगितलंय. एमएच १५ ची चलनं घरी येतात ती तर वेगळीच. आणि एका व्यवहाराचे दोन लाख किंवा जास्त कॅशमध्ये घेऊ नका, इन्कम टॅक्स कायद्यात बसत नाही, दंड घेणाऱ्याला असतो.

पैसे गेलेच असतील तर

रडत बसू नका, कुणाला सांगू असं लाजू पण नका, तेवढ्यात पैसे दुसऱ्या खात्यातून तिसऱ्या खात्यात जातात. लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. तिथे व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर विचारतात, तो ॲपमध्ये हिस्ट्रीत सापडतो. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका, बँकेला लेखी कळवा, नाशिक शहराचं सायबर पोलीस ठाणं आहे तिथे जा. पिन स्वतःच टाकलेला असला की बँक भरपाईला सहसा तयार होत नाही, पण पैसे वाटेत अडवता आले तर परत मिळू शकतात, म्हणून पहिला तास महत्त्वाचा. चॅट डिलीट करू नका, रागाने ब्लॉक करण्याआधी नंबर, क्यूआर, आयकार्डाचा फोटो सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा.

आणि थोड्या दिवसांनी एखाद्याचा फोन येईल, मी सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंग फी भरा. तीच टोळी असते किंवा तिने विकलेली लिस्ट घेतलेली दुसरी. त्याला म्हणायचं, ठाण्यात येऊन भरतो.