शाळकरी मुलांच्या पोटातले जंत: काय करावं

मूल नीट जेवतं, तरी अंगी लागत नाही. वर्गात पेंगतं, पोट दुखतं म्हणतं. अशा वेळी जंतांचा संशय घ्यावा. गोड खाल्ल्याने जंत होतात ही समजूत मात्र सोडून द्या. जंत होतात ते जंतांची अंडी पोटात गेल्याने, नाहीतर त्यांची अळी कातडीतून शिरल्याने.

आधी जंत कोणता ते पाहा. रात्री शौचाच्या जागी खाज सुटत असेल, तर बहुधा सुतासारखे बारीक पांढरे जंत असतात. त्यांची मादी रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते, त्यामुळे शौचाच्या तपासणीत ती बऱ्याचदा सापडतच नाहीत. सकाळी मूल उठताच, शौच-अंघोळीच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून काढा, काचपट्टीवर चिकटवा आणि तपासायला द्या. सलग 3 दिवस केलंत तर निदान सहसा चुकत नाही. बाकीच्या जंतांसाठी शौचाची तपासणी पुरते.

मग औषध. शाळकरी मुलांना सहसा अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची एक गोळी देतात, तीही डॉक्टरांना विचारूनच. सुतासारख्या जंतांसाठी 2 आठवड्यांनी दुसरी गोळी लागते, कारण पहिलीने जंत मरतात, अंडी तशीच राहतात. खाज थांबली की दुसरी गोळी हमखास राहून जाते, म्हणून तारीख आजच लिहून ठेवा. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचं. घरात गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तर तसं डॉक्टरांना आधी सांगा. त्याच सकाळी मुलाला अंघोळ घाला, नखं कापा, चादरी आणि आतले कपडे गरम पाण्यात धुवा. चादर झटकू नका, अंडी खोलीभर पसरतात.

गोल जंतांची अंडी मातीत 2-3 आठवडे मुरल्यावरच बाधतात. म्हणून कच्च्या भाज्या, फळं नीट धुवा आणि जेवणाआधी, शौचानंतर साबणाने हात धुवायला लावा. अंकुशकृमी (हुकवर्म) नावाच्या जंताची अळी अनवाणी पायातून शिरते, तेव्हा मातीत खेळताना पायात चप्पल हवीच.

अंकुशकृमी रक्त पितो, तेव्हा नुसत्या गोळीने भागत नाही. हिमोग्लोबिन तपासा, 5 ते 11 वर्षांच्या मुलात ते 11.5 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर रक्त कमी आहे. डाळी, पालेभाज्या, अंडी किंवा मांस रोजच्या जेवणात असू द्या. त्यावर लिंबू पिळा, लोह चांगलं शोषलं जातं. जेवणाबरोबर चहा अजिबात नको.

पोट फुगून उलट्या होत असतील किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा.