जूनमध्येच ओझोनला छिद्र? उपग्रहाचे आकडे वाचताना या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या प्रकल्पाला दरवर्षी दोघं-तिघं तरी ओझोनचा विषय घेतात. उपग्रहांचे आकडे फुकट मिळतात. लाइन टिकली तर डाउनलोडही होतात. बाहेर ४५ अंश, कुलरची घरघर आणि लॅपटॉपवर ध्रुवाचं उणे ७८. चुका मात्र दरवर्षी त्याच.

सगळ्यात मोठी चूक नकाशाची. पेरणी आटोपून आलेली एक विद्यार्थिनी धावतच आली, "सर, हे पाहा ना, जूनमधीच छिद्र पडलं!" दक्षिण ध्रुवाभोवती पांढरा गोल, कंपासनं काढल्यासारखा. खरं छिद्र इतकं गोलगरगरीत नसतं. ऑरा उपग्रहावरचं ओमी हे उपकरण पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश मोजतं. जूनमध्ये तिथं रात्र, मग मोजणार काय? अंटार्क्टिकावर जवळपास ७१ अंश दक्षिणेला असलेलं आपलं मैत्री संशोधन केंद्रही तेव्हा त्याच गोलात असतं. छिद्र म्हणतात ते २२० डॉब्सन एककांहून (डोक्यावरचा एकूण ओझोन मोजायचं हे माप) कमी ओझोनला, आणि ते सूर्य परतल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात भरात येतं.

तिनं त्याच फाइलची सरासरीही काढली होती. उत्तर आलं उणे चिन्हापुढं तीस आकडी संख्या! जिथं मोजमाप नाही तिथं फाइलमध्ये मुद्दाम एक अशक्य आकडा भरलेला असतो. तो आधी गाळायचा. आणि साधी सरासरी घेऊ नका. नकाशाच्या जाळीतला ८५ अंशांवरचा चौकोन ६० अंशांवरच्या चौकोनाच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढा असतो, त्यामुळे अक्षांशाच्या कोसाइननं वजन द्यावं लागतं.

दुसरी चूक ढगांची. ध्रुवावर खूप उंचावर हिवाळ्यात जे ढग होतात, त्यांच्या कणांवर क्लोरीन जागा होतो आणि मग ओझोन खातो. तापमान उणे ७८ अंशांच्या खाली गेलं की असा ढग झालाच असं धरणं चूक. तेवढ्या थंडीत नायट्रिक आम्लाचे स्फटिक होऊ शकतात, होतीलच असं नाही. आम्लाचे थेंब फुगायला आणखी काही अंश उतरावे लागतात, बर्फाला साधारण उणे ८५. आभाळ भरून आलं म्हणजे पाऊस पडला असं आपण वावरात धरतो का? ढग खरोखर पाहायचे तर कॅलिप्सो उपग्रहावरचा लेझर. तो २००६ पासून २०२३ पर्यंतच चालला, तेव्हा २०२४च्या फाइली शोधत बसू नका. त्याची कक्षाही ८२ अंशांपलीकडे जात नाही. म्हणजे तिथंही एक रिकामा गोल आहेच.

तिसरी चूक चांगल्या-चांगल्यांची होते. ऑरावरचंच एमएलएस हे दुसरं उपकरण सूक्ष्मलहरींवर चालतं, म्हणून अंधारातही मोजतं. पण ते नायट्रिक आम्लाची फक्त वाफ मोजतं. जुलैत आकडा घसरला की मुलं लिहितात, 'आम्ल नष्ट झालं'. अंगणातला कापूस दिसेना म्हणून तो विकला गेला असं होत नाही, खोलीत भरला असेल. आम्लही ढगाच्या कणांत शिरलेलं असतं. ढग विरल्यावर आकडा परत चढला तर ते तात्पुरतं लपलं होतं. चढलाच नाही, तर कण खाली पडून आम्ल घेऊन गेले असण्याची शक्यता जास्त. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरापर्यंतचा आलेख काढल्याशिवाय निष्कर्ष नको.

जागा झालेला क्लोरीन ज्या रूपात मोजतात, त्या क्लोरीन मोनॉक्साइडचे उपग्रहाच्या दिवसाच्या आणि रात्रीच्या फेऱ्यांतले आकडे एकत्र करू नका. अंधारात त्याचे दोन-दोन रेणू जोडले जातात, आकडा पडतो आणि क्लोरीन थंडावला असा भास होतो.

राहिला ओझोनचा ऱ्हास. एका उंचीवरचा आकडा महिनाभर जागचा हलला नाही म्हणून ऱ्हास झालाच नाही, हे चूक. ध्रुवीय भोवऱ्यात, म्हणजे हिवाळ्यात ध्रुवाभोवती गरगरणाऱ्या वाऱ्यांच्या आत, हवा वरून खाली उतरते आणि ओझोन घेऊन येते. तेवढाच खाली नष्ट होत असला तर आलेख सपाट दिसतो. त्यासाठी एमएलएसनंच मोजलेल्या नायट्रस ऑक्साइड वायूचा आलेख सोबत ठेवा. हा वायू क्लोरीनच्या भानगडीत पडत नाही, हवा कुठून आली तेवढं सांगतो.

त्या विद्यार्थिनीनं नकाशा पुन्हा काढला. गोल तसाच ठेवला, त्यात राखाडी रंग भरला आणि खाली सूचीत लिहिलं: 'रात्र'.