गुलाबाची रानटी फूट कापू नका, उपटा

नर्सरीतला कलमी गुलाब वर्षभर मस्त फुलतो, मग नुसत्या लांब हिरव्या फांद्या टाकतो, फुलाचं नाव नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्याचं ऊन खाल्लेल्या झाडांत हे फार दिसतं. वरचं कलम दमतं आणि खालचा रानटी खुंट, म्हणजे ज्या रानटी गुलाबाच्या मुळांवर कलम बांधलेलं असतं तो, जोर धरतो. ती फूट कात्रीने छाटली, तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून आणखी फुटतात. म्हणून:

१. आदल्या संध्याकाळी पाणी द्या. आपली काळी माती कोरडी असली की खुरपं आत जात नाही.

२. फूट जिथून निघालीय तिथपर्यंत माती हलक्या हाताने उकरा. कलमाच्या गाठीखालून (कलम आणि खुंट जुळलेला फुगीर भाग) निघाली असेल तरच ती खुंटाची.

३. जाड हातमोजा घालून बुडाशी धरा आणि खाली झटका द्या. टाचेसकट, म्हणजे बुडाच्या जाड भागासकट निघाली पाहिजे.

४. माती लोटा, वर केळीचा वाळलेला पाला पसरा. गाठ उघडी ठेवा.

फक्त पानं मोजून फूट काढू नका. ‘एका देठाला सात पानं म्हणजे रानटी’ असं सगळे सांगतात, पण काही उत्तम जातींनाही सात पानं येतात. गाठीच्या वरून आलेला तांबूस, जाडजूड कोंब तर जपाच, पुढची फुलं त्यालाच येणार आहेत.