पेस्टचे टोमॅटो: मुंबईत हंगाम एकच, बी आत्ताच टाका

गणपती गेले, पाऊस मागे सरू लागला की मुंबईकरांनी टोमॅटोचं बी टाकून घ्यावं. घटस्थापनेच्या आसपास बी, दिवाळीच्या सुमारास मोठ्या कुंडीत रोप, डिसेंबरात फुलं आणि संक्रांतीनंतर तोडणी, असं गणित धरा. घाटावरच्या शेतकऱ्याला वर्षात दोन-तीन हंगाम मिळतात, आपल्याला समुद्रकाठी हा एकच. अडचण रात्रीच्या उकाड्याची आहे. रात्रीचं तापमान साधारण १५ ते २१ अंश असलं की फळ चांगलं धरतं. रात्र २४-२५ अंशांखाली उतरेनाशी झाली की परागीभवन बिघडतं आणि फूल देठासकट गळतं. डिसेंबरात बी टाकणाऱ्यांची झाडं मार्चअखेर हिरवीगार, फुललेली आणि फळांविना उभी असतात, आणि बोल मात्र खताला लागतो.

पेस्टसाठी लांबट, जाड गराचा टोमॅटो हवा. त्यात कप्पे दोन-तीनच, बिया आणि पाणी कमी, त्यामुळे आटवायला गॅस कमी जळतो. रोमा, पुसा गौरव, पंजाब छुहारा या झुडपासारख्या वाढणाऱ्या जाती गॅलरीला बऱ्या: उंची आवरती राहते आणि फळं थोड्या आठवड्यांत एकदम येतात. पेस्ट करायची तर हेच सोयीचं, रोज दोन-दोन टोमॅटो हाती येऊन उपयोग नाही. सॅन मार्झानो वेलासारखा चढत राहतो, तो गच्चीवाल्यांसाठी. बाजारच्या लांबट टोमॅटोच्या बिया पेरायचा मोह टाळा. ते बहुतेक संकरित असतात, पुढची पिढी कशी निघेल याचा भरवसा नसतो, आणि आपल्याकडे हंगाम एकच आहे.

कुंडी कुठे ठेवायची हे पावसाळ्यातला उजेड बघून ठरवू नका. दक्षिणायनात सूर्य दक्षिणेला कलतो, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही तो मुंबईत क्षितिजापासून ४७-४८ अंशांवरच असतो. त्यामुळे जूनमध्ये नुसती सावली असणाऱ्या दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळ्यात ऊन थेट आत येतं, समोर टॉवर नसला तर. उत्तरेच्या गॅलरीत पालक लावा, टोमॅटो नको. निदान सहा तास ऊन हवंच.

एका झाडाला १५ ते २० लिटरची कुंडी किंवा ग्रो बॅग द्या. भिजल्यावर तिचं वजन २० किलोच्या घरात जातं, तेव्हा ग्रिलच्या बाहेर काढलेल्या फळीवर अशा ओळी मांडू नका. नर्सरीत मिळते ती बहुधा कोकणची लाल माती. ती आम्ल असते आणि त्यातून जिवाणूजन्य मर रोग येऊ शकतो. काल टवटवीत असलेलं झाड पानं हिरवी असतानाच दुपारी मान टाकतं आणि पाणी घालूनही उठत नाही. खात्री करायची तर बुडाजवळ खोड कापून तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लटकता धरा, थोड्या वेळात दुधाळ धागा उतरताना दिसला की ही मरच. औषध नाही, झाड मातीसकट काढा. ज्यांच्याकडे हे आधी झालंय त्यांनी अर्का रक्षक लावावा. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेची ही जात जिवाणूजन्य मर, लवकर येणारा करपा आणि पर्णगुच्छ (पानं आक्रसवणारा विषाणूरोग) या तिन्हींना प्रतिकारक आहे. फळ लांबट नाही, पण गर घट्ट असतो.

बाकीच्यांनी माती एकटी न भरता अर्धी माती, उरलेल्यात कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण करावं. लाल माती असेल तर लागवडीआधी दोन आठवडे चमचाभर चुना मिसळून घ्यावा. रोप लावताना खालची पानं काढून खोड खोल पुरा, पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. काठी त्याच दिवशी रोवा. झुडूपवजा जातींचे बगलेतले फुटवे खुडू नका, फळं त्यांवरच येतात. सॅन मार्झानोचे खुडा.

आता लांबट टोमॅटोचं खास दुखणं. फळ सुपारीएवढं झालं की टोकाला पाणचट डाग पडतो, मग तो काळा, कातडीसारखा होतो. गोल टोमॅटोपेक्षा लांबट जातींत हे जास्त दिसतं. हा रोग नाही, कीडही नाही. वाढत्या फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, कारण ते पाण्याबरोबरच चढतं आणि पाणी अनियमित असतं. सोमवार ते शुक्रवार घाईत घोटभर, रविवारी कुंडी तुडुंब, ही आपली पद्धत या झाडाला चालत नाही. अंड्याची टरफलं टाकून या हंगामात काही साधणार नाही, ती कुजायला फार वेळ लागतो. रोज सकाळी बोट खुपसून बघा आणि खालून पाणी झिरपेपर्यंत घाला. रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणून, वाळवून त्यांचं बोटभर जाड आच्छादन करा. फुलं आल्यावर नत्राचं खत आवरा. डागी फळं लगेच तोडा, नंतरची बहुधा चांगली येतात.

पांढरी माशी पानं आक्रसवणारा विषाणू आणते, म्हणून रोप लहान असतानाच पिवळे चिकट सापळे लावा आणि आठवड्याला लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोड्या साबणपाण्यात घोळून, संध्याकाळी फवारा. एरवी पाणी घालताना पानं भिजवू नका, करपा तिथूनच चढतो. कबुतरं कोवळी रोपं उपटतात, जाळीला पर्याय नाही. फुलं आल्यावर सकाळी दहाच्या सुमारास काठीवर टिचकी मारली की पराग पडतो. उंच मजल्यावर मधमाश्यांची वाट बघू नका.

तोडणीची घाई इथे योग्यच. फळाच्या टोकाला गुलाबी-पिवळसर छटा आली की तोडा. फेब्रुवारीत दुपार ३२ अंशांपुढे जाऊ लागते आणि ३० अंशांच्या वर टोमॅटोचा लाल रंग, म्हणजे लायकोपीन, नीट तयार होत नाही. झाडावर ठेवलेलं फळ पिवळट-नारिंगीच राहतं, शिवाय पोपट आणि उंदीर टपलेले असतात. घरात सावलीत, एका थरात, देठाची बाजू खाली ठेवून पिकवा. खिडकीतलं ऊन नको, फ्रिज तर नकोच. सोबत एखादं पिकलं केळं ठेवलं तर दोन दिवस वाचतात.

कुंडीतलं झाड नीट आलं तर दीड-दोन किलो देतं. सहा झाडांचे दहा किलो धरले तर गाळून, आटवून दोन-सव्वादोन किलो पेस्ट होते. ती बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून, वड्या पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. बरणीत वर तेल ओतून ओट्यावर ठेवू नका: टोमॅटोचा आंबटपणा प्रत्येक वेळी पुरेसा असतोच असं नाही, आणि तेलाखाली हवा नसलेल्या जागी विषारी जंतू वाढू शकतात.

मार्चात झाडं उपटल्यावर त्या मातीत पुन्हा वांगी, मिरची किंवा टोमॅटो लावू नका. कंपोस्ट मिसळून उन्हाळ्यात भेंडी किंवा चवळी घ्या.