सम सुटण्याआधी सूर सुटतो: लयीत ऐकताना या चुका टाळा

सोलापुरात गाणे शिकवताना मला दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांत एकच चूक दिसते. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या एकतालाच्या १२ मात्रा (ताल मोजायची एकके) ते बोटांवर मोजतात आणि दोन मात्रांमधली जागा रिकामी सोडतात. ठोक्यांमधले अंतर साधारण दोन सेकंदांपलीकडे गेले की कानाला ते एका लयीत बांधता येत नाहीत, आणि अतिविलंबितात एकेक मात्रा चार-पाच सेकंदांचीही असते.

अशोक चौकाकडचा माझा एक विद्यार्थी गणेशोत्सवातल्या बैठकीत बडा ख्याल, म्हणजे विलंबित लयीतली बंदिश, गायला बसला. तिसऱ्या आवर्तनात, म्हणजे तालाच्या तिसऱ्या फेरीत, त्याची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) सुटली. पण त्याआधीच त्याचा गंधार (‘ग’ हा स्वर) खाली उतरला होता आणि ते त्याला कळलेही नव्हते. घरच्यांनी शेजारच्या यंत्रमागांना दोष दिला. मला मात्र मानसशास्त्रज्ञ मारी रीस जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००२ मधला प्रयोग आठवला. नियमित अंतराने सूर ऐकवल्यानंतर तुलनेचा सूर अपेक्षित क्षणी आला, तर ऐकणाऱ्यांनी त्याची उंची अधिक अचूक ओळखली. तो लवकर किंवा उशिरा आला, तेव्हा चुका वाढल्या. लय लक्षाला पुढच्या क्षणापाशी आधीच नेऊन ठेवते, आणि मोजण्यात गुंतलेल्याला हा आधार मिळत नाही.

महिनाभर मी त्याला गाऊ दिले नाही. प्रत्येक मात्रेचे चार भाग मनात म्हणत ४८ भागांचे आवर्तन हाताने दाखवायचे, एवढेच काम दिले. शिवाय त्याच मागांजवळ बसून त्यांचे एकसारखे ठोके आधी चार-चारांत आणि मग तीन-तीनांत ऐकायला लावले, कारण ठोके तेच राहिले तरी त्यांचे गट कानच बांधतो. त्याला हा वेळेचा अपव्यय वाटला; थेट तानांकडे, म्हणजे जलद स्वरसमूहांकडे धावणाऱ्या सर्वांनाच तो वाटतो, आणि त्यांचीच सम पुढे वर्षानुवर्षे डळमळते.

मोबाइलमधला तबला मोठ्याने लावू नका. ठेका (तालाचे ठरलेले बोल) जेमतेम ऐकू येईल एवढाच ठेवा.

ठोका ऐकून मग सूर लावणारा नेहमी मागे राहतो. ठेक्याबरोबर बोट आपटणाऱ्यांचे बोट बहुधा ठोक्याच्या किंचित आधीच टेकते, म्हणून तेवढ्यासाठी त्यांना टोकू नका.

१६ मात्रांच्या तीनतालात आकडे मोजण्यापेक्षा डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतले खर्जाचे वाद्य, ऐका. त्याचा घुमारा दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत नसतो आणि चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’ला परततो, तिथून समेपर्यंत तीन मात्रा हाताशी असतात.