गाण्याचा व्हिडिओ करताना: गायक त्यात नेमका कोण आहे?

गाणं मिक्स होऊन हातात आलं की पहिली घाई असते ती लोकेशनची. ती जरा थोपवा आणि आधी गाणं कागदावर उतरवा. समजा लय मिनिटाला १०० ठोक्यांची आहे आणि चार-चारची मोजणी आहे. मग एक ठोका ०.६ सेकंदाचा, चार ठोक्यांचा एक बार २.४ सेकंदांचा, आणि ३ मिनिटं ३६ सेकंदांच्या गाण्यात बरोबर ९० बार बसतात. डावीकडे बारचा क्रमांक लिहा, मध्ये शब्द आणि उजवीकडे आवाजात काय बदलतं ते: ढोलकी आली, बास गेला, दुसऱ्या अंतऱ्याआधी नुसता श्वास ऐकू येतो. हा उजवा रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात. मग मुखडा तिसऱ्यांदा आला की दाखवायला काही उरत नाही आणि ड्रोन उडवावा लागतो.

त्याच कागदावर दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. गाण्यातला 'मी' कोण? आणि 'तू' म्हणजे कोण? 'तू' म्हणजे प्रेयसी, आई, शहर की थेट बघणारा माणूस, हे ठरलं नाही तर गायकाने कुठे बघायचं हेच ठरत नाही. सेटवर तो मग हवेत बघतो, आणि ते पडद्यावर लगेच कळतं.

शब्द आणि चित्र

एक उदाहरण पुरतं. पेठेतला वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली, त्यावरचं गाणं आहे असं धरा. ओळ आहे, 'दिंडीतून वाकून आत यायचो आम्ही'.

पहिला मार्ग म्हणजे दिंडीच दाखवायची. मोठ्या दरवाजातलं छोटं दार, त्यातून वाकून येणारं पोर. कानाने सांगितलं तेच डोळ्याने पुन्हा सांगितलं. ज्या प्रेक्षकाला दिंडी दरवाजा ठाऊकच नाही त्याच्यासाठी हे एकदा करणं योग्य. पण अख्खं गाणं याच चालीने नेलं, चंद्र म्हटला की चंद्र आणि पाऊस म्हटला की पाऊस, तर बघणारा दुसऱ्या अंतऱ्यात मोबाइल खाली ठेवतो.

दुसरा मार्ग: सातव्या मजल्यावरचा नवा फ्लॅट. दार चांगलं सात फुटी. म्हातारे वडील हातात पिशवी घेऊन येतात, कुलूप काढतात आणि उंबरठ्याशी सवयीने मान खाली घालून आत शिरतात. वाकायचं कारण कधीच गेलं, पण मान अजून वाकते. हे ओळीत नव्हतं, आणि ओळ नसती तर चित्रातही कळलं नसतं. व्हिडिओचं खरं काम इथे होतं. हा शॉट घेताना कॅमेरा घराच्या आत, छातीच्या उंचीवर आणि स्थिर ठेवा. चौकटीत दाराचा वरचा भाग पूर्ण दिसायलाच हवा. डोकं आणि चौकट यांच्यामधली मोकळी जागा कापली गेली, तर म्हातारा नुसता पोक काढून चालतोय असं वाटेल.

तिसरा मार्ग उलटा. बिल्डरच्या सँपल फ्लॅटमध्ये, प्लॅस्टिकच्या फळांच्या परडीशेजारी, गायक सेल्समनसारखा हसत तीच ओळ म्हणतो. चित्र शब्दांना खोटं पाडतं. हे जमलं तर झोंबतं, पण ते पूर्ण गाण्यात निभवावं लागतं. मध्येच एका ओळीपुरतं केलं तर लोकांना ती दिग्दर्शकाची चूक वाटते.

आमच्या मते बराचसा भार दुसऱ्या मार्गावर टाकावा, पहिला एखाद-दोन ठिकाणी वापरावा आणि तिसऱ्याला हात घालायचाच तर शेवटपर्यंत घालावा.

आवाजालाही चित्र असतं, हे विसरू नका. ठेका कॉम्प्युटरवर केलेला आणि पडद्यावर मात्र चाळीस जणांचं ढोल-पथक, असं असेल तर तुम्ही स्वतःबद्दल काहीतरी खोटं सांगताय. पथक दाखवायचंच असेल तर त्यांचे चार आघात तरी खरे रेकॉर्ड करा. टिपरू चामड्यावर पडताना दिसतं आणि आवाज दोन-तीन फ्रेम उशिरा येतो, हे कुणाही पुणेकराच्या नजरेतून सुटत नाही. पेटीवरची बोटं भलत्याच पट्ट्यांवर असणं हाही त्यातलाच प्रकार.

कलाकार कसा दिसतो

गायक व्हिडिओत तीन नात्यांनी येऊ शकतो: गोष्ट सांगणारा, गोष्टीतलं पात्र, किंवा स्वतःच. सांगणारा असेल तर त्याने लेन्समध्ये बघावं. पात्र असेल तर एकदाही बघू नये. दोन्ही हवं असेल तर कपडे किंवा जागा बदला, नाहीतर आत्ता रडणारा माणूस पुढच्या कटला आपल्याकडे बघून हातवारे का करतोय, हे कळत नाही.

कॅमेऱ्याची उंची हे मत असतं. गुडघ्याजवळून वर बघितलं की माणूस मोठा होतो, डोळ्यांच्या पातळीवर तो आपल्यातला वाटतो, वरून बघितलं तर एकटा पडतो. मराठी रॅपमध्ये खालून घेतलेला गायक आणि मागे पंधरा मित्र ही चौकट इतकी रुळली आहे की तिचा अर्थ कुणी विचारतच नाही. गाणं जर नोकरी न मिळण्यावर असेल, तर ती चौकट गाण्याच्या विरोधात जाते.

लेन्सचंही तेच. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरइतका रुंद बघतो. त्याने हातभरावरून चेहरा घेतला की नाक फुगतं आणि कान मागे जातात. विनोदी गाण्याला हे चालेल. गंभीर ओळीला दोन मीटर मागे सरका आणि दुप्पट किंवा तिप्पट झूमची वेगळी लेन्स वापरा. ब्युटी फिल्टर बंद ठेवा. सावळ्या चेहऱ्यावर एक्स्पोजर मागच्या पांढऱ्या भिंतीकडे बघून नव्हे, तर चेहऱ्याकडे बघून लॉक करा. पुढे ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शूटनंतर चित्राचे रंग ठरवताना, कातडीचा रंग उजळवायचा मोह होतो. तो केलात तर गाण्यात कितीही अभिमान असला तरी चित्र उलटंच बोलेल.

लावणीच्या अंगाच्या गाण्यात हा प्रश्न सगळ्यात टोकदार होतो. कंबर, पाऊल, पाठ असे तुकडे कापत गेलात की नाचणारी व्यक्ती उरत नाही. गाणं जर तिच्याच तोंडचं असेल, तर पूर्ण देहाचा शॉट लांब चालू द्या, चाळांचा क्लोजअप ठेक्यावर एकदाच घ्या आणि नजर तिची राहू द्या: ती कुणाकडे बघते, हे तिने ठरवलेलं दिसलं पाहिजे. फेटा, नथ, नऊवारी यांनाही हाच नियम. गाण्याचा त्यांच्याशी संबंध असेल तर घाला. नुसतं 'मराठी दिसावं' म्हणून घातलेला फेटा लग्नातल्या स्वागत समितीसारखा दिसतो.

वस्तीत शूट करत असाल तर तिथली माणसं तुमची पार्श्वभूमी होतात. आदल्या दिवशी जाऊन विचारा, काय गाणं आहे ते ऐकवा, चेहरा ओळखू येणार असेल त्याची लेखी संमती घ्या, लहान मुलं असतील तर पालकांची. कामाचे पैसे द्या.

पुण्यात कुठे

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा चौकटीत आला की व्हिडिओ 'पुण्याचा' होतो, आणि तुमचा राहत नाही. शिवाय ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे, आत शूटिंगला आगाऊ परवानगी लागते. तांबट आळीत ठोक्यांची लय आधीपासूनच आहे. तिथे जायचं तर कारागिरांना काम थांबवायला सांगू नका, त्यांच्या वेळेत तुम्ही बसा. तुळशीबाग सकाळी लवकर, शटर उघडण्याआधी, ओळखू येणार नाही इतकी शांत असते. गर्दी हवी असेल तर संध्याकाळी एकच कॅमेरा न्या, ट्रायपॉड नको. पेठांच्या अरुंद बोळांत ऊन दिवसातला थोडाच वेळ जमिनीपर्यंत पोचतं, म्हणून ज्या तासाला शूट करणार त्याच तासाला आदल्या आठवड्यात जाऊन बघून या. भिडे पूल पावसाळ्यात धरू नका. खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो पाण्याखाली जातो.

ड्रोनचं थोडक्यात: लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळही आहे, त्यामुळे आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तुमची जागा कोणत्या रंगात येते ते बघा. २५० ग्रॅमपर्यंतच्या छोट्या ड्रोनलाही लाल पट्ट्यात सूट नाही.

शूटच्या दिवशी

सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/६० वर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली चित्र लुकलुकतं, आणि ते एडिटमध्ये नीट काढता येत नाही. दुपारच्या उन्हात १/५० ठेवायला लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच, लागते.

प्लेबॅकच्या, म्हणजे सेटवर वाजवायच्या गाण्याच्या, फाइलला सुरुवातीला आठ ठोक्यांचा टिकटिक काउंट जोडा. स्पीकर वायरने जोडा, कारण ब्लूटूथमध्ये आवाज मागे पडतो आणि प्रत्येक जोडणीत वेगळा पडतो. कॅमेऱ्याचा माइक चालूच ठेवा, नंतर गाणं जुळवायला तोच आवाज लागतो. गायकाने ओठ हलवून भागत नाही, मोठ्याने गायला हवं. न गाणाऱ्या माणसाच्या गळ्याच्या शिरा ताणत नाहीत आणि श्वास भलत्याच जागी घेतला जातो. पूर्ण गाण्याचे किमान तीन टेक घ्या: लांबचा, कमरेपर्यंतचा आणि चेहऱ्याचा. चेहऱ्याचा टेक शेवटी ठेवू नका, तोवर गायक दमलेला असतो.

हालचाल संथ पण ओठ बरोबर, असा परिणाम हवा असेल तर गाणं दुप्पट वेगाने वाजवा, ५० फ्रेम आणि १/१०० शटरवर शूट करा आणि २५ वर चालवा. गायकाला मात्र १०० ऐवजी २०० च्या लयीत गावं लागतं, म्हणून घरी सराव करून यायला सांगा. रॅपमध्ये हे अशक्य. तिथे गाणं १.२ पट वेगाने लावा, ३० फ्रेमवर, शटर १/१०० ठेवून घ्या आणि २५ वर चालवा. हालचालीला थोडं वजन येतं, जीभही अडखळत नाही.

एडिट

१०० च्या लयीत एक ठोका म्हणजे २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर नेमक्या १५ फ्रेम. हे समजलं की प्रत्येक ठोक्यावर कट मारायचा हात शिवशिवतो. मारू नका. चेहऱ्यावरचा भाव वाचायला दीड-दोन सेकंद जातात, ०.६ सेकंदात फक्त चेहरा आहे एवढंच कळतं. आधी फक्त गाण्याचे टेक लावून पूर्ण गाणं चालेल असं करा, मग जिथे कंटाळा येईल तिथेच गोष्टीचे शॉट घाला. कट ठोक्याच्या एक-दोन फ्रेम आधी पडला तर तो ठोक्यावर पडल्यासारखा वाटतो.

मग आवाज बंद करून गाणं न ऐकलेल्या माणसाला व्हिडिओ दाखवा आणि एवढंच विचारा: हा माणूस कोण, आणि त्याला काय हवंय? 'छान शूट झालंय' एवढंच उत्तर आलं तर एडिटला परत बसा.

उभ्या रीलसाठी आडव्या चौकटीतून तुकडा काढणार असाल, तर १९२० पिक्सेल रुंदीतले मधले जेमतेम ६०८ हाती लागतात. म्हणून शूट करतानाच मॉनिटरवर दोन उभ्या पट्ट्या चिकटवा. वडील दारातून आत येतात तो शॉट त्या पट्ट्यांत बसत नाही, चौकटीची एक बाजू तरी जातेच. तो उभा धरून वेगळा घ्या, आणि पोस्टरच्या चित्रासाठी त्याच दारात, सरळ उभ्या असलेल्या गायकाचा एक स्थिर फोटोही काढून ठेवा.