युडोरा वेल्टीवर पीएच.डी. करायचीय? आधी तिची बाग बघा

पेटचा, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की इंग्रजीत एम.ए. झालेली मुलंमुली सिनॉप्सिसचा, म्हणजे संशोधन आराखड्याचा, कच्चा खर्डा घेऊन भेटायला येतात. अमेरिकेच्या दक्षिणेतला लेखक घेतला असेल, तर शीर्षकात ‘सदर्न गॉथिक’ (दक्षिणेतलं विचित्र, भयाण वातावरणाचं लेखन) हमखास असतं. मग फॉकनर असो नाहीतर फ्लॅनरी ओकॉनर. शीर्षकातलं नाव खोडून दुसरं घातलं तरी काही बिघडणार नाही, इतकं ते सैल असतं. मी युडोरा वेल्टी ही कथा-कादंबरीकार घेऊन गेले, तेव्हा माझ्या गाइड मॅडमनी कथांचा विषयच काढला नाही. “ही बाई दिवसभर करायची काय, ते आधी शोधून आण,” म्हणाल्या. मी मनात वैतागले होते. पण प्रबंधाची निम्मी प्रकरणं त्या प्रश्नातून निघाली, म्हणून नवीन येणाऱ्यांना मीही तिथूनच सुरुवात करायला लावते.

चरित्र थोडक्यात. जन्म 1909, मिसिसिपीची राजधानी जॅक्सन. मृत्यू 2001, त्याच गावात. विस्कॉन्सिन विद्यापीठातून पदवी घेतली, मग न्यूयॉर्कला कोलंबियात जाहिरातशास्त्र शिकली. वडील एका विमा कंपनीत मोठ्या पदावर होते. ते 1931 साली गेले आणि ती घरी परतली. पाइनहर्स्ट स्ट्रीटवरचं, वडिलांनी 1925 मध्ये बांधलेलं घर तिने शेवटपर्यंत सोडलं नाही. लग्न केलं नाही. गावातल्या रेडिओ स्टेशनवर काम केलं, मेम्फिसच्या वर्तमानपत्रासाठी जॅक्सनमधल्या पार्ट्या-समारंभांच्या बातम्या लिहिल्या. पुलित्झर 1973 साली मिळालं, ‘द ऑप्टिमिस्ट्स डॉटर’ या कादंबरीसाठी. प्रबंधाला लागतं तेवढं चरित्र विकिपीडियावरही मिळेल, त्यात महिने घालवू नका.

वेळ घालवायचा तो फोटोंवर. महामंदीच्या काळात, 1936 मध्ये, तिला डब्ल्यूपीए या सरकारी रोजगार योजनेत प्रसिद्धीचं काम मिळालं. कुठे रस्ता होतोय, कुठे विमानतळाची धावपट्टी, हे बघायला ती मिसिसिपीभर हिंडली. फोटो काढणं नोकरीचा भाग नव्हतं, ते ती स्वतःच्या हौसेने काढायची आणि रात्री घरच्या स्वयंपाकघरात धुवायची. लेखिका म्हणून नाव होण्याआधी, त्याच वर्षी, न्यूयॉर्कमध्ये तिच्या फोटोंचं छोटं प्रदर्शनही झालं. पुस्तक मात्र 1971 साली निघालं, ‘वन टाइम, वन प्लेस’.

त्यातला एक फोटो मी विद्यार्थ्यांसमोर ठेवते. हाइंड्स काउंटीतली एक कृष्णवर्णीय स्त्री, अंगावर जुना स्वेटर, नजर थेट कॅमेऱ्यात. काहीही न सांगता पाच मिनिटं बघायला लावते, मग लिहायला सांगते. पहिल्या झटक्याला सगळे ‘गरिबी’, ‘शोषण’ असं लिहितात. दुसऱ्यांदा बघताना मान कशी ताठ आहे, ओठ कसे मिटलेत, इकडे लक्ष जातं. ‘अ वर्न पाथ’ ही कथा नेमकी अशाच बघण्यातून लिहिलेली आहे. नातवाच्या औषधासाठी डिसेंबरच्या थंडीत रानातल्या पायवाटेने नॅचेझ शहराकडे निघालेली फिनिक्स जॅक्सन ही म्हातारी वाचकाला कळते ती तिच्या काठीच्या ठोक्यातून, काट्यात अडकलेला झगा सोडवण्यात गढलेल्या बोटांतून. लेखिका तिची कीव करत नाही. वेल्टीने कथेचा उगमही लिहून ठेवलाय: चित्रकार मैत्रिणीबरोबर माळावर बसली असताना लांबून एकटी चालत जाणारी म्हातारी दिसली, एवढंच.

इथे परीक्षक एक प्रश्न विचारणारच, तो तुम्ही स्वतःला आधी विचारा. वर्णभेद कायद्याने चालू असलेल्या राज्यात, कॅमेरा गोऱ्या, सुखवस्तू घरातल्या मुलीच्या हातात आणि समोर काळी गरीब माणसं. ती माणसं खरंच मोकळी होती, की नाही म्हणायची सोय नव्हती? वेल्टीच्या प्रेमात पडलेले अभ्यासक यावरून अलगद पुढे सरकतात. तुम्ही सरकू नका. याचं उत्तर फोटोगणिक वेगळं येतं आणि तेच लिहायचं.

आता बाग. ती लावली आईने, चेस्टिनाने. वेल्टी स्वतःला आईचा माळी-पोऱ्या म्हणायची. कमेलियांचं तिला वेड होतं. मिसिसिपीत शेतकऱ्यांसाठी एक ‘मार्केट बुलेटिन’ निघायचं. त्यात खेड्यांतल्या बायका कंद, रोपं, बिया विकायच्या छोट्या जाहिराती द्यायच्या. वेल्टी त्या वाचायची, रोपं मागवायची, पत्रं लिहायची. फुलांची गावठी नावं आणि बायकांची बोलायची ढब या जाहिरातींतून तिच्या कानात बसली. 1940 च्या दशकातली तिची बागकामाची पत्रं ‘टेल अबाउट नाइट फ्लॉवर्स’ या नावाने 2013 साली पुस्तकरूपाने आली. माझ्या मते तिच्या कथांची याहून चांगली सोबत नाही. पत्रात खत, कीड, पाऊस आणि अर्धवट राहिलेली गोष्ट एकाच परिच्छेदात येतात.

त्यातली एक गंमत आपल्याकडच्या वाचकाला लगेच कळते. तरुणपणी जॅक्सनमध्ये तिचा आणि मित्रमैत्रिणींचा एक ‘नाइट-ब्लूमिंग सिरियस क्लब’ होता. कुणाकडे ते फूल उमलणार असलं की रात्री सगळे तिथे जमायचे आणि जागायचे. सिरियस म्हणजे आपल्या बाल्कनीतलं ब्रह्मकमळ. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ निराळं. कुंडीत पान खोचून लावतो ते मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं निवडुंगाच्या कुळातलं झाड. आपल्याकडेही कळी टपोरी झाली की शेजाऱ्यांना आवतण जातं, दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर फोटो. पण ‘द गोल्डन अॅपल्स’ या तिच्या कथासंग्रहातल्या शेवटच्या कथेत हेच फूल घेऊन आलेली म्हातारी काय म्हणते बघा: उद्या हे मान मुरगळलेल्या कोंबडीसारखं दिसेल. सकाळी देठाला लोंबणारं ब्रह्मकमळ ज्याने पाहिलंय त्याला ही उपमा किती नेमकी आहे ते सांगायला नको. सौंदर्याच्या शेजारी कोंबडी ठेवायची ही तिची खोड एकदा ओळखली की प्रत्येक कथेत सापडते. या एका फुलावर माझं एक सबंध प्रकरण आहे आणि व्हायव्हात सगळ्यात जास्त वेळ त्यावरच गेला.

तिची लिहायची पद्धतही हातकामाचीच. टाइप केलेली पानं कात्रीने कापायची, पट्ट्या टाचण्यांनी एकमेकींना जोडायची, पुन्हा सोडवायची. आधी ती डिंकाने चिकटवायची, पण चिकटवलेलं हलवता येत नाही. टाचणी काढली की परिच्छेद कुठेही जातो. ‘पॅरिस रिव्ह्यू’मधल्या 1972 च्या मुलाखतीत हे आलंय, ती जरूर वाचा. मी प्रबंधाचं तिसरं प्रकरण असंच जमिनीवर पसरून जुळवलं. घरचे हसले, पण संगणकावर दिसत नव्हती ती पुनरुक्ती तिथे दिसली.

मात्र बाग, फोटो, टाचण्या एवढंच धरून बसलात तर ‘गोड आजीबाई’ हाती लागेल, आणि वेल्टी तशी नव्हती. 12 जून 1963 च्या मध्यरात्रीनंतर जॅक्सनमध्येच नागरी हक्कांचे नेते मेडगर एव्हर्स यांचा त्यांच्या घरासमोर खून झाला. वेल्टीने लगेच कथा लिहिली, तीही खुन्याच्या तोंडून, प्रथमपुरुषी. असा माणूस आपल्याला ओळखीचा आहे, तो आतून कसा विचार करतो हे आपल्याला ठाऊक आहे, या खात्रीने. दरम्यान संशयिताला अटक झाली आणि कथेतले काही तपशील प्रत्यक्षाच्या इतके जवळ निघाले की छापण्याआधी ते बदलावे लागले. ‘न्यूयॉर्कर’ने ती 6 जुलैला छापली. जाहिरातींतून आणि अंगणांतून ऐकलेल्या बोलीचाच हा दुसरा वापर आहे. माझ्या दृष्टीने अभ्यासाचा गाभा इथे आहे.

साहित्य कुठून मिळवायचं, हा पुढचा प्रश्न. मी जॅक्सनला गेलेले नाही, सगळं काम कोल्हापुरात बसून झालं. आधीच्या पिढीतले लोक हैदराबादच्या अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटरला मुक्काम ठोकून टिपणं काढायचे. आता इंटरनेट आर्काइव्हवर खातं उघडलं की बरीच पुस्तकं ठरावीक वेळेपुरती वाचायला मिळतात. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचं ‘युडोरा वेल्टी रिव्ह्यू’ हे वार्षिक आहे, त्याचे जुने अंक आधी चाळा, म्हणजे कोणते विषय चावून चोथा झालेत ते कळेल. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात भारतातले प्रबंध बघा. सुझॅन मार्सचं 2005 चं चरित्र भरवशाचं आहे, पण मार्स तिची मैत्रीण होती हे लक्षात ठेवून वाचा. कधी अमेरिकेत जाणं झालंच तर पाइनहर्स्ट स्ट्रीटवरचं घर संग्रहालय म्हणून खुलं आहे. तिची कागदपत्रं मिसिसिपीच्या राज्य अभिलेखागारात आहेत.

सिनॉप्सिसमध्ये ‘प्रादेशिक’ हा शब्द जपून वापरा. वेल्टीला तो आवडत नसे. ‘प्लेस इन फिक्शन’ या निबंधात तिने त्याला ढिसाळ आणि वरून खाली बघणारा म्हटलंय. आरआरसीसमोर, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीसमोर, हा शब्द टाळून बोललात तर समिती कारण विचारते आणि तुम्हाला बोलायला विषय मिळतो.

तौलनिक काम करायचं असेल तर माझ्या मनात एक विषय कधीचा पडून आहे: वेल्टी आणि व्यंकटेश माडगूळकर. ‘माणदेशी माणसं’ आणि ‘द गोल्डन अॅपल्स’ दोन्ही 1949 ची. तिच्या हातात कॅमेरा, त्यांच्या हातात स्केचबुक. ती काही काळ रेडिओत, ते पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रम करणारे. दोघंही डोळ्याने आणि कानाने लिहिणारे. वर्णाच्या जागी जात आणून सरळ समीकरण मांडू नका, तिथे गडबड होईल. माणसाच्या चालीचं, उभं राहण्याचं वर्णन दोघं कसं करतात, तिथून सुरू करा. कुणी हा विषय खरंच घेणार असेल तर माझ्याकडे पत्रांच्या आणि मुलाखतींच्या झेरॉक्सची एक फाइल आहे. ती नेऊन कॉपी काढा, फक्त परत आणून द्या.